ज्युरासिक सागरी गाळात सेंद्रिय द्रव्य टिकले कसे : पार्श्वभूमी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर किमरिज येथील कड्यांत काळपट तपकिरी शेलचा (चिखल घट्ट होऊन बनलेल्या, पापुद्र्यांच्या खडकाचा) एक थर आहे. तो पेटवला तर धूर ओकत जळतो आणि गंधकाचा उग्र दर्प सोडतो. तेथील लोक तो पूर्वापार जळणासाठी वापरत. उत्तर समुद्रातील तेलाचा मुख्य उगम याच काळातील, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या चिखलात आहे हे 20व्या शतकाच्या उत्तरार्धात उमगले, तेव्हा अभ्यासाला खरी गती आली. आजच्या समुद्रात प्लवकांनी (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी) घडवलेल्या सेंद्रिय द्रव्याचा जेमतेम 1 टक्काही गाळात कायमचा गाडला जात नाही, तर किमरिजच्या काही पट्ट्यांत सेंद्रिय कार्बन वजनाच्या 30 टक्क्यांहून अधिक भरतो.

या तफावतीचा पहिला उलगडा काळ्या समुद्राच्या उदाहरणावरून झाला : तळाशी ऑक्सिजन नाही, म्हणून विघटन मंदावते. त्यावर आक्षेप असा आला की सल्फेटवर जगणारे जिवाणू ऑक्सिजनविनाही ताजे द्रव्य जवळपास तितक्याच वेगाने फस्त करतात, तेव्हा श्रेय पृष्ठभागावरील भरघोस उत्पादनालाच द्यावे लागेल. शिवाय किमरिजच्या अनेक थरांत तळावर राहणाऱ्या शिंपल्यांचे अवशेष सापडतात, म्हणजे ऑक्सिजन अधूनमधून परतत होता. हा वाद गरजेपेक्षा फार लांबला. द्रव्य किती आले आणि किती उरले यावर दोन्ही पक्ष भांडत राहिले, पण जे उरले ते कोणत्या रासायनिक रूपात, हा प्रश्न मागे पडला.

तो 1990च्या दशकात ऐरणीवर आला. समृद्ध थरांतील बहुतांश अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली नारिंगी, आकारहीन दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही त्यांत पेशींची रचना आढळत नाही आणि गंधक मात्र भरपूर असते. जिवाणूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड प्रथम लोहाशी संयोग पावून पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज बनवतो. अभिक्रियाक्षम लोह संपले की उरलेला सल्फाइड थेट सेंद्रिय रेणूंना जोडला जातो आणि एरवी सर्वांत आधी नष्ट होणारी कर्बोदकेही त्यामुळे जिवाणूंना पचेनाशी होतात. प्लवकांच्या स्निग्ध पदार्थांपेक्षा कर्बोदकांत कार्बन-13 हा कार्बनचा जड समस्थानिक अधिक असतो, आणि किमरिजमध्ये सेंद्रिय कार्बन जसा वाढतो तसे कार्बन-13चे प्रमाणही चढते, म्हणजे समृद्ध थरांत कर्बोदकेच अधिक टिकली. हा पुरावा मला निर्णायक वाटतो, जरी चिकणमातीच्या खनिजपृष्ठांना चिकटून द्रव्य वाचते हे स्पष्टीकरणही काही थरांपुरते टिकून आहे.

त्याआधीच्या, सुमारे 18.3 कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या शेलकडे नंतर लक्ष वळले. जर्मनीतील होल्झमाडेन येथे त्यांत इक्थिओसॉर या नामशेष सागरी सरीसृपाच्या मऊ ऊतींचे ठसे आढळतात. हा काळ दक्षिण गोलार्धातील कारू-फेरार ज्वालामुखी उद्रेकाशी जुळतो, त्यामुळे ऑक्सिजनची टंचाई जगभराच्या महासागरांत होती असे बहुतेकांनी धरले. पण इंग्लंडमधील यॉर्कशरच्या याच काळातील शेलमधील मॉलिब्डेनम (खुल्या समुद्राच्या पाण्यातून गाळात येणारा धातू) सेंद्रिय कार्बनच्या मानाने इतके कमी आहे, की निदान तेथील पाणी खुल्या समुद्रापासून बरेच तुटलेले असावे, असा अर्थ निघतो.