हवेतला ऑक्सिजन, निळा प्रकाश आणि चिमूटभर भुकटी

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांत रिॲक्टरमधून जे बाहेर पडतं, त्यातलं विकण्याजोगं किती? रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी 1992 साली मांडलेला हिशेब असा: औषधनिर्मितीत किलोभर मालामागे 25 ते 100 किलो कचरा, कधी त्याहूनही जास्त.

आम्लपित्तावरचं ओमेप्रॅझोल घ्या. ते बनवण्याची शेवटची पायरी इवलीशी असते. रेणूतल्या गंधकाला ऑक्सिजनचा एक अणू जोडायचा, एकच. दोन चिकटले की ती अशुद्धी. एका रूढ पद्धतीत हा अणू मेटा-क्लोरोपरबेन्झॉइक आम्लाकडून घेतात. अणू देऊन झाल्यावर त्या आम्लाचा उरलेला भाग किलोभर औषधामागे साधारण 450 ग्रॅम भरतो. सॉल्व्हंट, म्हणजे ज्यात हे सगळं विरघळवतात तो द्रव, वेगळाच. आणि ऑक्सिजन तर हवेत फुकट आहे!

पण हवेतला ऑक्सिजन सहजासहजी कामाला लागत नाही. त्यासाठी संशोधक एक युक्ती वापरून पाहतात. सच्छिद्र पॉलिमरच्या पिवळट भुकटीवर निळा एलईडी सोडला की तिच्यातले इलेक्ट्रॉन उसळतात आणि ऑक्सिजनला जाऊन मिळतात. मग तो गंधकाशी झटकन जुळतो. छिद्रं इतकी बारीक, की अशा एका ग्रॅम भुकटीचं आतलं क्षेत्रफळ 600 चौरस मीटरही भरू शकतं, म्हणजे वाशीतल्या दहा टू-बीएचके फ्लॅटांची फरशी. हेच काम रुथेनियम-इरिडियम या धातूंची संयुगंही करतात, पण ती महागडी, शिवाय द्रावणात विरघळून बसतात. भुकटी गाळून पुन्हा वापरता येते. मला तरी तिची खरी कमाई हीच वाटते.

या भुकटीच्या चाचण्या बहुधा थायोॲनिसोल या गंधक असलेल्या साध्या रेणूवर होतात. ओमेप्रॅझोल स्वतःच उजेडात खराब होतं, त्यामुळे ही युक्ती त्याला जशीच्या तशी लागू पडेल असं समजू नये. भुकटीला लावल्या जाणाऱ्या ‘धातूविरहित’ या बिरुदाकडेही जरा संशयानेच पाहावं. असे काही पॉलिमर बनवतानाच पॅलेडियम हा धातू लागतो आणि त्याचा अंश मागे राहू शकतो.

सगळ्यात मोठी अडचण प्रकाशाची. काचेच्या चंबूत तो आरपार जातो; हजारो लिटरच्या स्टीलच्या रिॲक्टरमध्ये दिवा लावायचा कुठे? आत सोडला तरी भुकटीने गढूळलेल्या द्रवात काही मिलिमीटरवरच अडतो. म्हणून आता बारीक पारदर्शक नळ्यांतून द्रव वाहता ठेवून बाहेरून एलईडी लावतात. नळ्या भुकटीने तुंबतात, त्यावर तोडगा म्हणून पॉलिमर काचेच्या मण्यांवर बसवून पाहणं चालू आहे.