रोहिणी आणि काक्षीच्या मधला ठिपका

फेब्रुवारीत गंगापूर धरणाच्या बाजूला, नाशिकचे दिवे पाठीमागे टाकून उभं राहिलं, की मृग नक्षत्र डोक्यावर असतं. मुलांना आकाश दाखवताना मी रोहिणी आणि काक्षी या दोन ठळक ताऱ्यांच्या मधली जागा दाखवतो, मधल्यापेक्षा थोडी रोहिणीकडे. तिथे डोळ्यांना काहीही दिसत नाही. मला मात्र ती जागा आकाशातली सर्वांत आवडती आहे.

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी तिथून गॅमा किरणांचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिशय जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचा, स्फोट आला. असे स्फोट १९६७ पासून नोंदले जात होते. अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी ते टिपले होते. पण ते आपल्या आकाशगंगेतले की त्यापलीकडचे, हा वाद वर्षानुवर्षं मिटेना. गॅमा किरण साध्या आरशाने एकवटता येत नाहीत, त्यामुळे नेमका पत्ता हाती लागत नाही. पत्ता हवा तर साध्या प्रकाशातला ठिपका सापडायला हवा, आणि तोही विझायच्या आत.

क्ष-किरणही टिपणाऱ्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने त्या दिवशी पुरेशी अचूक दिशा कळवली. साधारण एकवीस तासांनी कॅनरी बेटांवरच्या ४.२ मीटरच्या हर्शेल दुर्बिणीने त्या भागाचा फोटो घेतला. ८ मार्चला पुन्हा घेतला. खगोलशास्त्रज्ञ यान व्हान पाराडाइस यांच्या गटाने दोन्ही ताडून पाहिले, तर एक ठिपका दुसऱ्यात नव्हता. त्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप (आकडा जितका मोठा तितकं तेज कमी), होती सुमारे २१. म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून दहा लाख पट मंद!

हे ताडून पाहणं मी स्वतः साध्या फोटोंवर करून पाहिलंय. जुना आणि नवा फोटो ताऱ्यावर तारा बसवून एकावर एक ठेवायचे आणि आलटून पालटून दाखवायचे. जागा सोडून सरकतो तो लघुग्रह. टाचणीने टोचल्यासारखा टोकदार दिसतो तो कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण, कारण खऱ्या ताऱ्याचा प्रकाश हवेतून येताना थोडा पसरतो, त्याच्या कडा मऊ असतात. एवढं गाळून उरेल त्याची खरी परीक्षा पुढे. तो मंदावतोय का?

स्फोटातून निघालेला झोत भोवतीच्या वायूवर आदळून त्याला उजळवतो, तोच हा मागे उरलेला प्रकाश. ढोबळमानाने वेळ दहापट झाला की तेज दहाव्या हिश्श्यावर येतं. पहिल्या तासाला मोल आहे ते यामुळे.

१९ मार्च २००८ ला भूतप तारकासमूहातला असाच एक प्रकाश पाचव्या प्रतीपर्यंत चढला. साडेसातशे कोटी वर्षं प्रवास करून आलेला तो उजेड अर्ध्या मिनिटाच्या आसपास नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोगा होता. नाशकात तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजत होते. चिलीत रात्र होती, म्हणून तिथल्या कॅमेऱ्यांना तो मिळाला. पृथ्वीवर कुठेतरी नेहमी रात्र असते, तिथे दुर्बीण हवी. आपल्या वाटच्या रात्री आता लडाखमधल्या हान्लेची ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण सांभाळते. उपग्रहाकडून स्फोटाचा संदेश आला की ती स्वतःच त्या दिशेला वळते.