हवाई सुंदरी, परिचारिका की केबिन क्रू?

केबिन क्रूच्या, म्हणजे विमानात प्रवाशांची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, आयुष्यावरची 'फ्लाय गर्ल्स' ही अमेरिकी रिॲलिटी मालिका २४ मार्च २०१० रोजी सुरू झाली आणि आठ भागांत आटोपली. कॅलिफोर्नियातल्या एका विमान कंपनीतल्या पाच तरुणी, त्यांचं एकत्र राहणं, मुक्कामाच्या शहरांतल्या पार्ट्या, प्रेमप्रकरणं, रुसवेफुगवे हा तिचा सगळा ऐवज. ही मालिका म्हणजे त्या कंपनीची लांबलेली जाहिरात आहे, अशी टीका तेव्हाच झाली. पुढे ती कंपनी दुसरीत विलीन झाली आणि २०१८ मध्ये तिच्या नावाची उड्डाणंही थांबली. ब्रिटनमध्ये विमानतळ आणि विमान कंपन्यांवरच्या अशा मालिका १९९६ ते १९९८ पासूनच सुरू होत्या. त्यांत मात्र चुकलेली विमानं आणि चिडलेले प्रवासी जास्त असायचे.

नाशिकमध्ये हा विषय दूरचित्रवाणीच्या आधी रस्त्यावरच्या फलकांतून आला. २००३ नंतर स्वस्त तिकिटांच्या कंपन्या एकामागून एक निघाल्या आणि कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात 'एअर होस्टेस ट्रेनिंग'च्या पाट्या लागल्या. घट्ट अंबाडा, गळ्यात स्कार्फ आणि उंच टाचा अशा वेशात क्लासला निघालेल्या मुली त्या काळात सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मुलाखत मुंबईत, म्हणजे सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरायचं. नाशिकजवळच्या ओझरला धावपट्टी होती, पण तिची ओळख लढाऊ विमानांच्या कारखान्यामुळे; तिथलं प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये झालं. त्यामुळे विमानाचं दार कसं उघडायचं हे वर्गात चित्रावरून शिकलेल्या कितीतरी मुली विमानात पहिल्यांदा चढल्या त्या थेट नोकरीवरच. कित्येकींना ती नोकरी लागलीच नाही. २००८ ची मंदी आली. त्या ऑक्टोबरात एका बड्या खासगी कंपनीने शेकडो कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. गणवेशातली मुलं-मुली रस्त्यावर उतरली आणि काही दिवसांतच कंपनीला निर्णय फिरवावा लागला. या पेशाचं इतकं खरं दृश्य कुठल्याही रिॲलिटी मालिकेत मी पाहिलेलं नाही.

क्लासच्या पाटीवर 'एअर होस्टेस', कंपनीच्या अर्जावर 'केबिन क्रू' आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'हवाई सुंदरी'. एकाच कामाच्या या तीन नावांपैकी तिसऱ्याने मराठीत सर्वाधिक नुकसान केलं आहे. या शब्दात काम कुठेच नाही, फक्त रूप आहे. आणि हेच काम करणाऱ्या पुरुषाला तो लावताच येत नाही. 'हवाई सेविका' अधूनमधून दिसतो. 'विमान परिचारिका' हा शब्दही आहे, पण तो शासकीय वाटतो म्हणून मागे पडला. खरं तर इतिहासाला धरून असलेला शब्द तोच. १५ मे १९३० रोजी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून शिकागोकडे निघालेल्या विमानात जगातली पहिली स्टुअर्डेस, म्हणजे विमानातली सेविका, चढली, ती आयोवा राज्यातली प्रशिक्षित नर्स होती. तिला वैमानिक व्हायचं होतं. ते कंपनीने नाकारलं, तेव्हा घाबरलेल्या, उलट्या करणाऱ्या प्रवाशांची काळजी घ्यायला नर्सेस ठेवा, असं तिनेच सुचवलं. पहिल्या आठही जणी नर्सच होत्या. अविवाहित, पंचविशीच्या आतली आणि वजनाने ११५ पौंड, म्हणजे साधारण ५२ किलोंपेक्षा कमी, या अटीही त्याच वेळी लागल्या. नर्सचं प्रशिक्षण पुढे अटींतून गळालं. वय, लग्न आणि वजन मात्र राहिलं. अमेरिकेत पुरुषांना या नोकरीतून वगळता येणार नाही, असा निकाल १९७१ मध्ये लागला आणि 'फ्लाइट अटेंडंट' हे स्त्री-पुरुष दोघांना चालणारं नाव तिथे रुळलं. मराठीत तसं झालं नाही.

आपल्याकडे या अटींचा निवाडा झाला तो २८ ऑगस्ट १९८१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात. हा निकाल स्त्रियांचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. सरकारी विमान कंपनीचा तेव्हाचा नियम असा होता की, पस्तीस वर्षं पूर्ण झाली, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं किंवा पहिल्यांदा दिवस गेले, यांतलं जे आधी घडेल तेव्हा नोकरी संपायची. व्यवस्थापकीय संचालकाची मर्जी असेल तर एकेक वर्ष वाढवत पंचेचाळीसपर्यंत जाता यायचं. त्याच केबिनमध्ये काम करणारे पुरुष मात्र अठ्ठावन्नला निवृत्त व्हायचे.

न्यायालयाने पहिल्या गरोदरपणाचं कलम रद्द केलं आणि तो भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान असल्याचं म्हटलं. संचालकाचे बेलगाम अधिकारही काढले. पण चार वर्षं लग्न न करण्याची अट टिकली. तिच्या समर्थनार्थ मुलीची परिपक्वता आणि कुटुंबनियोजन अशी कारणं दिली गेली. तिसऱ्या गरोदरपणाला नोकरी संपवणं वाजवी ठरेल, असंही त्याच निकालात आहे. आणि निवृत्तीच्या वयातला फरक? भरती, बढती, सेवाशर्ती वेगळ्या, म्हणून हा वर्गच वेगळा आणि म्हणून भेदभाव नाही, असं ठरलं. सेवाशर्ती वेगळ्या आहेत हीच तर तक्रार होती. तीच उत्तर म्हणून परत आली. या एका युक्तिवादाने पुढची कित्येक वर्षं स्त्रियांची वाट अडवली.

अठ्ठावन्नपर्यंत नोकरीची मुभा सरकारी निर्देशाने १९८९ मध्ये मिळाली. विमानातल्या सगळ्या क्रूवर देखरेख करणारं पर्यवेक्षकाचं पद मात्र पुरुषांकडेच राहिलं. ते स्त्रियांना खुलं करणारा आदेश २००५ मध्ये निघाला, त्याला पुरुष सहकाऱ्यांनी आव्हान दिलं आणि नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मध्येच, जानेवारी २००९ मध्ये, सरकारी कंपनीने वजनाच्या कारणावरून दहा जणींना कामावरून काढलं होतं. म्हणजे 'फ्लाय गर्ल्स' पडद्यावर आली तेव्हा आपल्याकडे एक बाई आपल्या पुरुष सहकाऱ्याची वरिष्ठ होऊ शकते का, हा प्रश्न न्यायालयात होता आणि दुसरीकडे वजनकाट्यावर नोकऱ्या जात होत्या.

मालिकेत काम जवळजवळ दिसतच नाही. दर ५० आसनांमागे किमान एक केबिन क्रू असलाच पाहिजे, हा नियम चहा-कॉफीसाठी केलेला नाही. निम्मी दारं बंद असली तरी ९० सेकंदांत विमान रिकामं करता यावं, या कसोटीवर प्रवासी विमान मंजूर होतं, आणि ते रिकामं करून घेणारी हीच माणसं. पैशाचा हिशेबही दिसत नाही. अमेरिकेत बहुतेक कंपन्यांत विमानाचं दार लागल्यावरच तासाचा पगार सुरू व्हायचा. प्रवासी चढत असतात, बॅगा अडकत असतात, आजारी माणसाला ओळखून बाजूला घ्यायचं असतं, तो वेळ बिनपैशाचा. एका मोठ्या कंपनीने २०२२ मध्ये त्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेही निम्म्या दराने.

ओझरहून उडान योजनेखालची, म्हणजे लहान शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या सरकारी योजनेखालची, सेवा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. मार्च २०२३ पासून गोवा, अहमदाबाद, नागपूर अशी विमानं निघाली. ही सगळी तास-दीड तासाच्या आतबाहेरची उड्डाणं. अशा मार्गांवर एका दिवसात तीन-चार वेळा प्रवासी चढतात आणि उतरतात, आणि तितक्याच वेळा केबिन झाडून, पट्टे सरळ करून पुन्हा दारात उभं राहायचं असतं. भारतातही क्रूच्या कमाईचा बराच भाग उड्डाणाच्या तासांवर मोजला जातो.