डब्ल्यूसी पॉलिसी: कोणाला लागते, अर्ज कसा करायचा आणि खर्च कुठे वाचतो

कामामुळे आणि कामाच्या ओघात कामगार जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात ती होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती कायम आहे. या जबाबदारीचा विमा म्हणजे डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाई) पॉलिसी. हप्ता जड वाटला की काही जण कामगारांची संख्याच कमी दाखवतात, आणि दावा आला की तीच बचत अंगाशी येते. खर्च खरा कमी होतो तो माहिती बिनचूक दिल्याने आणि अपघातानंतरचा पहिला महिना नीट सांभाळल्याने.

आधी ईएसआयची यादी वेगळी काढा

ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असलेल्या कामगाराला कामावरच्या इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. त्याचे लाभ ईएसआय महामंडळ देते. त्यामुळे अशा कामगाराचा पगार डब्ल्यूसी पॉलिसीत धरला, तर एकाच जोखमीसाठी दोनदा पैसे जातात. ईएसआय साधारणपणे १० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होते आणि पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे.

गोंधळ होतो तो या मर्यादेच्या काठावर. पगारवाढीमुळे कोणी २१,००० च्या वर गेला, तरी तो चालू अंशदान कालावधी (वर्गणीची सहामाही) संपेपर्यंत ईएसआयमध्येच राहतो. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. म्हणजे १ ऑक्टोबर आणि १ एप्रिलला काही माणसे ईएसआयमधून बाहेर पडतात आणि त्याच दिवशी ती डब्ल्यूसी पॉलिसीत यायला हवीत. पगार विभागाने या दोन तारखांना यादी तपासली नाही, तर ती माणसे कशातच नसतात. बहुतेक वेळा हे अनुभवी ऑपरेटर आणि सुपरवायझर असतात.

अर्ज आणि कागदपत्रे

हप्त्याचे गणित सोपे आहे: कामाच्या प्रकारानुसार दर, गुणिले वर्षाचा अंदाजे एकूण पगार, त्यावर जीएसटी. म्हणून प्रस्ताव अर्जात सगळ्यात महत्त्वाचा तो वर्गवारीचा तक्ता. ऑफिसमधले कारकून, स्टोअरकीपर, मशीन ऑपरेटर, वेल्डर, उंचीवर काम करणारे, ड्रायव्हर अशा वेगळ्या ओळी करा आणि प्रत्येकीत माणसांची संख्या व वार्षिक पगार लिहा. ‘कामगार: ४०’ एवढेच लिहिले, तर सगळ्यांना सर्वांत धोकादायक कामाचा दर लागण्याची शक्यता असते. उलट वेल्डरला ‘हेल्पर’ लिहून दर कमी करून घेतला, तर दाव्याच्या वेळी कंपनी नेमके तेच पुढे करते.

सोबत कारखाना परवाना किंवा आस्थापना नोंदणी, पॅन, जीएसटी नोंदणी, ईएसआय क्रमांक, कामाच्या सर्व ठिकाणांचे पत्ते, यंत्रांचे व प्रक्रियेचे वर्णन, मागची पॉलिसी आणि मागच्या तीन वर्षांच्या दाव्यांचा दाखला जोडा. दावा नसेल तर तसेही लेखी घ्या. दरासाठी घासाघीस करताना हाच कागद कामी येतो.

सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. हप्ता पूर्ण पगारावर आकारणार की भरपाईच्या मोजणीत धरल्या जाणाऱ्या पगारावर? (जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून मोजणीसाठी महिना १५,००० रुपयांची मर्यादा ठरली आहे.) वैद्यकीय खर्च धरला आहे का? कायद्याने तो मालकाला द्यावा लागतो, पण अनेक पॉलिसींमध्ये तो जादा हप्ता भरूनच मिळतो. आणि पॉलिसी नावानिशी आहे की संख्येवर? नावानिशी असेल, तर नवा माणूस कामावर घेतला त्याच दिवशी नाव कळवा.

ठेकेदाराची माणसे

तुमच्या नेहमीच्या कामासाठी ठेकेदाराने आणलेला माणूस जखमी झाला, तर तो थेट तुमच्याकडे भरपाई मागू शकतो. नंतर तुम्ही ती ठेकेदाराकडून वसूल करायची. म्हणून गेटपास देण्याआधी ठेकेदाराच्या पॉलिसीची प्रत घ्या आणि मुदत, कामाचे ठिकाण, कामाचा प्रकार, माणसांची संख्या तपासा. मूळ मालक म्हणून तुमचे नाव तिच्यात घालून घ्या. हे सगळे जागेवर असेल तर त्या माणसांचा पगार तुमच्या पॉलिसीत पुन्हा धरू नका. नसेल तर तो धरलाच पाहिजे.

एका इजेची किंमत

मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक (कायद्यातल्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा), कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्के गुणिले तोच गुणांक. वय ३० ला गुणांक २०७.९८. वेतन १५,००० धरले तर मृत्यूची भरपाई १५,५९,८५० रुपये होते. वय ४० असेल तर गुणांक १८४.१७ आणि रक्कम १३,८१,२७५. वयाचा एक कागद नसल्याने पावणेदोन लाखांचा फरक पडतो, म्हणून जन्मतारखेचा पुरावा भरतीच्या वेळीच फाइलला लावावा.

आता पॉवर प्रेस, म्हणजे धातूचा पत्रा दाबून कापणारे यंत्र, पाहा. ३० वर्षांच्या ऑपरेटरचा अंगठा गेला, तर कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे कमाईक्षमता ३० टक्के घटली असे धरतात. भरपाई, १५,००० वेतनावर संपूर्ण अपंगत्वाच्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय न चालणारा प्रेस आणि यंत्रावर जागच्या जागी बसवलेला गार्ड (संरक्षक आवरण) हा अपघात टाळतात. कामगाराने मुद्दाम गार्ड काढला असा बचाव मालकाला मिळतो खरा, पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर तो चालत नाही. शिवाय ‘भरपाई मागणार नाही’ असे कामगाराकडून लिहून घेतलेला कागद कायद्यापुढे शून्य आहे.

अपघात झाल्यावर

उपचार आधी. मग त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा, अपघात नोंदवहीत नोंद करा, साक्षीदारांची नावे लिहा. मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर सात दिवसांत कर्मचारी भरपाई आयुक्तांना अहवाल द्यावा लागतो. संहितेत त्यांना सक्षम प्राधिकारी म्हटले आहे. दाव्यासोबत हजेरीपट, मागच्या १२ महिन्यांचे पगारपत्रक, वयाचा पुरावा, वैद्यकीय व अपंगत्वाचा दाखला, ड्रायव्हर असेल तर लायसन्स, आणि मृत्यूच्या प्रकरणात पोलिसांचे कागद व शवविच्छेदन अहवाल लागतो.

भरपाई देय झाल्यापासून एका महिन्यात दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते आणि योग्य कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या १५,५९,८५० वर वर्षाचे व्याज १,८७,१८२ रुपये. दंड विमा कंपनी भरत नाही आणि व्याजही वगळणारी अट पॉलिसीत असू शकते. म्हणजे ‘विमा कंपनी बघेल’ म्हणून थांबण्याची किंमत मालकाच्या खिशातून जाते. रकमेबद्दल वाद असेल, तरी जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी आधी द्यावीच लागते.

मृत्यूची भरपाई घरच्यांच्या हातात देऊ नका. ती प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ मदत चालते, त्यापलीकडे थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत आणि पुन्हा भरण्याची वेळ येते.

तात्पुरत्या इजेत दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के द्यावे लागतात, म्हणजे १५,००० वर ३,७५०. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली तर हलके काम देऊन कामगाराला लवकर परत आणता येते. त्याचे उत्पन्न पूर्ववत होते आणि दाव्याचा आकडाही लहान राहतो.

नूतनीकरणाच्या आधी

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी विमा कंपनीकडून प्रलंबित दाव्यांची यादी मागवा. निकाली निघालेला दावा अजून ‘खुला’ दिसत असेल किंवा त्यासाठी कंपनीने बाजूला ठेवलेली राखीव रक्कम फुगलेली असेल, तर कागद देऊन दुरुस्त करून घ्या, कारण नवा दर याच आकड्यांवर ठरतो. मुदत संपल्यावर प्रत्यक्ष पगाराचे विवरण द्या. अंदाजापेक्षा पगार कमी निघाला तर पॉलिसीतील अटीप्रमाणे हप्त्याचा परतावा मागता येतो. विवरणच दिले नाही तर तो हक्क वापरलाच जात नाही.