बॉसमन वेगळा, दियारा वेगळा: मग क्लबांनी पैसे ओतायचे की थांबायचं?

युरोपातली ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांनी खेळाडू घ्यायची ठरलेली मुदत, उघडली की कोल्हापुरातल्या फुटबॉल ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. "दियारा निकालानंतर खेळाडू कधीही क्लब सोडू शकतो. हा दुसरा बॉसमन. आता शंभर मिलियन मोजणारे क्लब येडे." खाली अंगठ्यांची रांग. बॉसमन आणि दियारा म्हणजे क्लब सोडणाऱ्या खेळाडूंबद्दलचे युरोपियन न्यायालयाचे दोन निकाल. पाटाकडील तालमीच्या संघाचा असो की शिवाजी मंडळाच्या, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे इथे मात्र एकमताने चुकतात. खेळाडू कधीही सोडू शकत नाही, हा दुसरा बॉसमन नाही आणि पैसे मोजणारे सगळे येडे नाहीत. काही आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

आधी बॉसमन, भराभर. १९९० मध्ये बेल्जियमच्या लिएज क्लबबरोबरचा ज्याँ-मार्क बॉसमनचा करार संपला. नव्या करारात पगार पार खाली आणला होता, म्हणून त्याला फ्रान्सच्या डंकर्कला जायचं होतं. करार संपलेला असूनही लिएजला त्याच्यासाठी पैसे हवे होते. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपियन न्यायालयाने सांगितलं की करार संपल्यावर पैसे मागायचे नाहीत. एडगर डेव्हिड्स आयॅक्समधून मिलानला गेला, एम्बापे पॅरिसमधून माद्रिदला गेला, ते सगळं याच दारातून. युरोपियन देशांच्या खेळाडूंवरचा परदेशी कोटाही त्याच निकालाने गेला. फक्त 'फ्री ट्रान्सफर' म्हणजे फुकट असं कुणी म्हणालं की माझं डोकं उठतं. क्लबला न गेलेला पैसा खेळाडूच्या सही-बोनसमध्ये आणि एजंटच्या खिशात जातो.

आता फ्रेंच खेळाडू लासाना दियारा. २०१३ मध्ये त्याने लोकोमोटिव्ह मॉस्कोबरोबर चार वर्षांचा करार केला. वर्षभरात पगारावरून बिनसलं आणि ऑगस्ट २०१४ मध्ये क्लबनेच करार तोडून दोष त्याच्यावर टाकला. जागतिक फुटबॉल संघटना फिफाच्या समितीने त्याला १ कोटी ५ लाख युरो भरपाई भरायला सांगितली आणि पुढे क्रीडा लवादाने ती कायम केली. मधल्या काळात बेल्जियमचा शार्लरोआ क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण दोन अटींवर: नव्या देशात खेळायला लागणारं सर्टिफिकेट मिळेल आणि ती भरपाई आमच्या गळ्यात पडणार नाही, हे आधी सांगा. तशी हमी कुणी दिली नाही आणि करार बारगळला. प्रकरण युरोपियन न्यायालयात गेलं, ४ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल लागला. दोन्ही खटल्यांत वकील एकच, ज्याँ-लुई द्युपाँ. वकील एक म्हणून निकाल एक, असं धरणाऱ्यांनीच निम्मा गोंधळ घातलाय.

खरी गोम पुढे आहे, इथे जरा थांबून वाचा.

बॉसमनचा करार संपला होता. दियाराचा करार मोडला होता. आपल्याकडे उसाच्या हंगामात वाढलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये. हंगाम संपला, हिशेब मिटला आणि तोडणीची टोळी पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्याला गेली, तर पहिला कारखाना काय बोलणार? हा बॉसमन. पण मुकादम उचल घेऊन हंगामाच्या मध्यात टोळीसकट पसार झाला तर? हा दियारा. फिफाचा जुना नियम अशा टोळीबद्दल तीन गोष्टी सांगत होता. दंड किती, ते कुठल्याही पक्क्या मापाशिवाय ठरणार. टोळीला जो कारखाना कामावर घेईल तोही आपोआप दंडाचा भागीदार, शिवाय फितवलं त्यानेच असं आधीच गृहीत धरलेलं. नसेल फितवलं तर ते त्याने सिद्ध करायचं. आणि वाद मिटेपर्यंत टोळीला कुठेच कोयता चालवता येऊ नये. न्यायालयाने या तीन गोष्टींवर फुली मारली. उचल बुडवायला परवानगी दिलेली नाही! करार मोडणाऱ्याने भरपाई द्यायची, हे तत्त्व निकालानंतरही उभं आहे.

पाठोपाठ फिफाने तात्पुरते नियम आणले, १ जानेवारी २०२५ पासून लागू. करार पूर्ण झाला असता तर क्लब ज्या स्थितीत असता त्या स्थितीत त्याला आणणारी भरपाई, असं आता माप आहे. नव्या क्लबने फूस लावली हे आरोप करणाऱ्याने दाखवायचं. जुन्या देशाच्या संघटनेने सर्टिफिकेट ७२ तासांत द्यायचं, वाद बाजूला चालू दे. चार महिन्यांची बंदीही शिल्लक आहे. सही करताना वय २८ च्या आत असेल तर पहिली तीन वर्षं, २८ किंवा वर असेल तर दोन वर्षं, हा 'संरक्षित काळ'. त्यात सबळ कारणाशिवाय करार मोडला तर ती बंदी लागते. "कधीही सोडू शकतो" म्हणणाऱ्यांनी हे एक कलम वाचलं असतं तर मला एवढं लिहावं लागलं नसतं.

मग अनिश्चितता कसली? एकच: 'पूर्ण झाला असता तर'चा आकडा नेमका किती, हे ठरवणारे पुरेसे निवाडे अजून नाहीत. जुन्या नियमातही आकडे गटांगळ्या खायचे. अँडी वेबस्टरने स्कॉटलंडचा हार्ट्स क्लब सोडला, त्या वादात २००८ मध्ये लवादाने दीड लाख पौंड ठरवले. पुढच्याच वर्षी युक्रेनच्या शाख्तार क्लबचा मातुझालेम त्याच लवादापुढे गेला, तर जवळपास १ कोटी २० लाख युरो. ट्रान्सफर फी चढी राहते ती या भीतीमुळे. फी म्हणजे चालू करार आधी संपवायला क्लब राजी व्हावा म्हणून दिलेली किंमत. मोडायचा खर्च आधी कळत नसेल तर विकत घेणारा मुकाट फी मोजतो. तो खर्च उद्या कागदावर काढता येऊ लागला, तर फीला तिथे छत बसेल. छत बसेल म्हणतोय, शून्य होईल असं नाही.

पटत नसेल तर अलेक्झांडर इसाक बघा. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याला न्यूकॅसलमध्ये राहायचं नव्हतं आणि तो खेळायला तयार नव्हता. करार २०२८ पर्यंत होता. सही २०२२ ची, म्हणजे संरक्षित काळही उलटत आलेला. मेसेजवाल्यांच्या हिशेबाने त्याने बॅग भरून निघून जायला हवं होतं. प्रत्यक्षात लिव्हरपूलने साडेबारा कोटी पौंड मोजले, दियारा निकालाला वर्ष होत आलेलं असताना. लिव्हरपूलकडे वकील नाहीत काय? त्याच लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डचा करार ३० जून २०२५ ला संपत होता. क्लब विश्वचषकासाठी तो थोडे दिवस आधी हवा म्हणून रेआल माद्रिदने सुमारे १ कोटी युरो दिले. महिनाभर थांबले असते तर बॉसमनच्या नियमाने एक पैसा लागला नसता. करार चालू असणं म्हणजे काय, ते या एका व्यवहारात दिसतं.

तेव्हा माझं मत: खर्च करावा. पण विकत काय घेतोय ते बघून. पुढची तीन मोसमं मैदानावर वापरायचा खेळाडू असेल तर आजच्या नियमांत पैसा बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पाच वर्षांनी दुप्पट भावात विकू, या आशेवर लावलेला पैसा मात्र कच्चा, कारण तोवर छत कुठे बसलेलं असेल हे फिफालाही सांगता येणार नाही. म्हणून चेल्सीने एन्झो फर्नांडेझ आणि मुद्रिकला दिले तसे साडेआठ वर्षांचे करार मला मूर्खपणाचे वाटतात. फी जास्त वर्षांत विभागून हिशेबाची वही बरी दिसावी, हा त्यामागचा डाव. युरोपियन फुटबॉल संघटना युएफाने आणि नंतर इंग्लंडच्या प्रीमियर लीगने ही विभागणी पाच वर्षांपुरती बांधली, ते एक बरं केलं. पण साडेआठपैकी संरक्षित वर्षं तीनच. उरलेल्या साडेपाच वर्षांत बंदीचा धाक नाही, फक्त भरपाईचा, आणि तिचंच माप अजून धूसर. फी हप्त्यांनी द्यावी, काही भाग सामन्यांशी बांधावा. घाबरायचंच असेल तर विकणाऱ्यांनी घाबरावं: आयॅक्स, बेनफिका यांच्यासारखे, ज्यांचं दरवर्षीचं गणित पोरं घडवून विकण्यावर बसलंय.

"हे तिकडचं, आपल्याला काय?" असं म्हणणाऱ्यांसाठी भारतीय फुटबॉलपटू अन्वर अली. मोहन बागानबरोबरचा लोन करार, म्हणजे मूळ क्लबाकडून उसना आल्याचा करार, मोडून तो २०२४ मध्ये ईस्ट बंगालला गेला. सप्टेंबरमध्ये भारतीय महासंघाच्या समितीने त्याला चार महिने बंदी घातली. तो, ईस्ट बंगाल आणि त्याचा मूळ क्लब दिल्ली एफसी अशा तिघांवर मिळून १२.९० कोटींची भरपाई लावली, दोन्ही क्लबांना दोन विंडो नोंदणीबंदी. म्हणजे हुबेहूब जुन्या कलमाचा वरवंटा, दियारा निकालाच्या महिनाभर आधी! दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे घ्यावा लागला. युरोपियन न्यायालयाचा हुकूम कोलकात्यात चालत नाही, पण फिफाने स्वतःचे नियम बदलले की त्याची धग इथवर येतेच.

राहिल्या आपल्या तालमी. शाहू स्टेडियमवरचा मोसम तोंडावर आला की कोण कुठल्या तालमीत चालला याची कट्ट्यावर चर्चा रंगते आणि हल्ली त्यातही "दियारा" ऐकू येतं. भावांनो, व्यावसायिक करारच नसेल तर संपायलाही काही नाही आणि मोडायलाही. तिथे बॉसमन लागू नाही, दियारा तर नाहीच. मंडळाला खेळाडूवर पैसे लावायचेच असतील तर आधी कागद करावा, त्यात मुदत लिहावी आणि मधेच सोडलं तर किती परत करायचे ते आकड्यात लिहावं.