चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स पायदळ रेजिमेंट

अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या बाजूने लढलेली कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेनंतर (बंडखोर दक्षिणी राज्यांतील गुलामांना मुक्त करणारा राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा जाहीरनामा) मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी ती उभारली. गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी आवाहन केले आणि त्यांचे दोन मुलगेही तीत दाखल झाले. अधिकारी मात्र सुरुवातीला गोरेच होते. पलटणीचा प्रमुख कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ अवघा पंचवीस वर्षांचा होता.

पलटण २८ मे रोजी बोस्टनहून निघाली. १८ जुलैला तिने साउथ कॅरोलायनातील वॅग्नर किल्ल्यावर हल्ला चढवला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला दलदल आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीतून सुमारे ६०० जण दिवेलागणीला संगिनी रोखून धावले. शॉ तटावरच पडला. मृत, जखमी व बेपत्ता मिळून २७० च्या आसपास सैनिकांची हानी झाली. सार्जंट विल्यम कार्नी याने गोळ्या लागूनही निशाण जमिनीला टेकू दिले नाही. त्याबद्दलचे मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च लष्करी पदक त्याच्या हाती पडायला १९०० साल उजाडले. शॉला शत्रूने त्याच्या सैनिकांसोबत एकाच खड्ड्यात पुरले. ती जागा बदलू नये, असे त्याच्या वडिलांनी कळवले.

वॅग्नरची कीर्ती झाली, पण पलटणीची खरी कसोटी पगारावरून लागली. भरतीच्या वेळी कबूल झालेला पगार महिना १३ डॉलर होता. प्रत्यक्षात सरकारने १० देऊ केले आणि त्यातूनही ३ कपड्यांपोटी कापायचे ठरवले. सैनिकांनी दमडीही घेतली नाही. उरलेली रक्कम मॅसॅच्युसेट्स राज्य भरायला तयार होते, तेही त्यांनी नाकारले. घरी बायकापोरे हालात असताना ते बिनपगारी लढत राहिले. फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लॉरिडातील ओलस्टीच्या पराभवानंतर जखमींच्या आगगाडीचे इंजिन बंद पडले, तेव्हा या थकल्याभागल्या माणसांनी दोर बांधून ती कित्येक मैल ओढून नेली.

जूनमध्ये काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) समान पगार मान्य केला, पण युद्धाच्या आरंभी, १९ एप्रिल १८६१ रोजी, जे स्वतंत्र होते त्यांनाच पूर्ण थकबाकी. पूर्वी गुलाम असलेल्यांचे काय? शॉनंतरचे कर्नल एडवर्ड हॅलोवेल यांनी, स्वतंत्र असल्याबद्दल सैनिकांनी घ्यायची शपथ अशी बेतली: त्या तारखेला आपण कोणाचेही फुकट श्रम देणे लागत नव्हतो. गुलामाच्या श्रमावर मालकाचा न्याय्य हक्क नसतोच, म्हणून जन्माने गुलाम असलेल्यालाही ती खोटे न बोलता घेता आली. सप्टेंबरअखेर सर्वांची थकबाकी चुकती झाली.

पुढे हनी हिल (नोव्हेंबर १८६४) आणि बॉयकिन्स मिल (एप्रिल १८६५) येथे पलटण लढली. ओलस्टीत जखमी झालेला सार्जंट स्टीफन स्वेल्स १८६५ मध्ये लेफ्टनंट झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पलटण विसर्जित झाली. ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी घडवलेले तिचे कांस्यशिल्प बोस्टन येथे १८९७ पासून उभे आहे.