फणस

पश्चिम घाटातील पावसाळी रानांत मूळ असलेला सदाहरित वृक्ष आणि त्याचे फळ. शास्त्रीय नाव आर्टोकार्पस हेटेरोफायलस. वड, अंजीर आणि नीरफणस हे त्याचे कुलबंधू. झाडावर धरणाऱ्या फळांत हे सर्वांत मोठे असून त्याचे वजन ५० किलोपर्यंत जाऊ शकते. फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर धरतात. जुन्या झाडांत तर ती पार मुळाशी, मातीलगत लागतात. असंख्य फुलांचे मिळून हे एक संयुक्त फळ बनते. फळधारणा झालेल्या फुलाचा गरा होतो, बाकीच्यांच्या चिवट पाती गऱ्यांमध्ये राहतात.

कोकणात फणसाचे दोन प्रकार मानतात. काप्याचे गरे घट्ट व कुरकुरीत असतात, बरक्याचे मऊ, रसाळ आणि तंतुमय. बीपासून लावलेले झाड यांपैकी कोणते निघेल याचा भरवसा नसतो, आणि ते कळायला सात-आठ वर्षे थांबावे लागते. कलमांमुळे ही अनिश्चितता गेली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण प्रॉलिफिक’ ही जात काप्याचीच आहे.

फळाचे पुढे काय करायचे ते त्याच्या वयावर ठरते. कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची, भाजी होते. जून पण कच्च्या काप्याचे गरे खोबरेल तेलात तळतात. पिकलेला कापा तसाच खातात. बरक्याचा रस काढून, तांदळाच्या रव्यात कालवून वाफवला की सांदणे होतात. ती नारळाच्या दुधाबरोबर खायची. उरलेला रस उन्हात वाळवून फणसपोळी करतात. वटपौर्णिमेच्या वाणातही गऱ्यांना जागा असते. पाऊस लागला की मात्र फणस पाणचट होतो.

खरा साठवणीचा ऐवज आठळ्यांचा, म्हणजे फणसाच्या बियांचा. त्या मातीत घोळवून ठेवल्या की पावसाळ्यात पुरवून वापरता येतात. मग त्या चुलीत भाजून, मिठाच्या पाण्यात उकडून किंवा अळूच्या भाजीत घालून खातात. गऱ्यापेक्षा त्यांत प्रथिने व पिष्टमय पदार्थ जास्त असतात. कच्च्या आठळीत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, ते शिजवल्याने निकामी होतात. कच्ची खाऊ नये या घरगुती ताकिदीला असा आधार आहे.

१०० ग्रॅम पिकल्या गऱ्यांतून सुमारे ९५ किलोकॅलरी ऊर्जा, ४५० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि थोडे क जीवनसत्त्व मिळते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियमचा हिशेब ठेवलेला बरा. मधुमेहावरचे रामबाण औषध म्हणून फणसाची जी जाहिरात चालते, ती मात्र गोड पिकल्या गऱ्यांना तरी लागू नाही.

फणस फोडणे हे कष्टाचे काम. हाताला आणि कोयत्याला आधी खोबरेल तेल चोपडावे लागते, नाहीतर चीक सुटत नाही. हाच चीक पूर्वी फुटकी भांडी सांधायला वापरत. काटेरी चारखंडे, म्हणजे फणसाची साल, गुरांपुढे जातात. पानांचे द्रोण करून त्यांत इडलीचे पीठ वाफवण्याची गोवा-कारवारकडील पद्धत प्रसिद्ध आहे. पिवळे, सहसा वाळवी न लागणारे लाकूड दारे-खांबांना वापरतात, शिवाय दक्षिणेत वीणा व मृदंगाला. त्याच्या भुशाच्या रंगाने बौद्ध भिक्खूंची चीवरे रंगवली जात.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात फणसाची दखल घेतली आहे. बांगलादेशाचे तो राष्ट्रीय फळ आहे आणि केरळने २०१८ मध्ये त्याला राज्यफळ घोषित केले.